पूर्वीसारखं राहिलं नाही

दोरी पडायच्या आत पोचलं पाहिजे, असं म्हणत भाचीने मला पहाटे साडेपाचला उठवलं. काकडआरतीला मी आयुष्यात दोनदा गेले असेन. खेळायला जाण्यासाठी इतक्या पहाटे उठण्याची ही पहिलीच वेळ. दोरी म्हणजे खरोखरची दोरी. डिस्नेलँडचं दार उघडलं की लोकांना मुख्य रस्त्याच्या टोकापर्यंत सोडतात. तिथे कर्मचारी दोरी धरून उभे असतात आणि ठरल्या वेळेला ती बाजूला होते. मग जो तो आपल्या आवडत्या राइडकडे निघतो. पळायला मनाई आहे, त्यामुळे सगळे पळण्यालाच चालणं म्हणतात. याला तिथल्या भक्तांच्या भाषेत ‘रोप ड्रॉप’ असं नाव आहे.

भक्त हा शब्द मी विचार करून वापरतेय. दादा गेली वीस-बावीस वर्षं कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला आहे. तिथून अ‍ॅनाहाइमचं डिस्नेलँड गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. भाचीकडे ‘मॅजिक की’ नावाचा वर्षाचा पास आहे आणि तिच्या हिशेबाने ती दोनशेच्या वर वेळा तिथे जाऊन आलीय. मी म्हटलं, “अगं, दोनशे वेळा त्याच त्या राइड?” ती म्हणाली, “आत्या, तू दर वर्षी दगडूशेठचा देखावा बघायला जातेस ना?”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी पुण्याच्या सदाशिव पेठेतली. गणपतीत बाबांचं बोट धरून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हलते देखावे बघत हिंडलेली. कुठल्या मंडळाचा देखावा यंदा फसला, कुणी मागच्याच मूर्ती रंगवून पुन्हा मांडल्या, शिल्पकार खटावकरांच्या हाताची सर कुणाला नाही, यावर आमच्या घरी विसर्जनानंतरही आठवडाभर चर्चा चालायची. आणि दर वर्षी शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: पूर्वीसारखं राहिलं नाही. तेच वाक्य त्या दिवशी मी इंग्रजीत निदान आठ जणांच्या तोंडून ऐकलं.

भाचीने तांबडा टॉप आणि पिवळा स्कर्ट घातला होता. हे काय ध्यान, असं मनात आलं, पण ती विनी द पू अस्वलाची खूण होती. चौदा वर्षांवरच्यांना तिथे पात्रांचा पूर्ण पोशाख घालून येता येत नाही, म्हणून मोठी माणसं नुसत्या रंगांनी पात्र सुचवतात. एकदा हे कळलं की गर्दी वाचता येऊ लागते. हिरवा शर्ट आणि टोपीत पीस म्हणजे पीटर पॅन. ठिपक्यांचा लाल फ्रॉक म्हणजे मिनी, हे मलाही आलं.

आता थोडं जागेविषयी. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला अ‍ॅनाहाइम हा पूर्वी संत्र्यांच्या बागांचा मुलूख. वॉल्ट डिस्नेने तिथे १६० एकर घेतले, बागा तोडल्या आणि एका वर्षात पार्क उभं केलं. खर्च झाला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर. १७ जुलै १९५५ रोजी उद्घाटन झालं, तेही टेलिव्हिजनवर थेट प्रक्षेपित. आणि जी काही फजिती झाली ती भक्तमंडळी आजही आमच्याकडे लग्नातले गोंधळ सांगतात तशा चवीने सांगतात. बनावट आमंत्रणपत्रिका घेऊन हजारो लोक घुसले. आदल्या रात्री ओतलेलं डांबर ऊन चढल्यावर मऊ झालं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळे स्वच्छतागृहं किंवा पिण्याच्या पाण्याचे नळ यांपैकी एकच काही वेळेत होणार होतं. वॉल्टने स्वच्छतागृहं निवडली. लोक मात्र म्हणाले, शीतपेय खपावं म्हणून नळ बंद ठेवलेत.

पार्कभोवती मातीचा उंच बांध आहे आणि त्यावरून छोटी आगगाडी फिरते. बाहेरचे रस्ते, हॉटेलं, विजेचे खांब आतून दिसू नयेत म्हणून तो बांध. ही माहिती कुणालाही मिळते. पण त्या बांधामुळे आतल्या राइडचे आकार कसे बदलले, हे कळायला भाचीसारखी माणसं लागतात.

आधी मुख्य रस्ता. एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावरचं अमेरिकन गाव, दुतर्फा दुकानं. “वर बघ,” भाची म्हणाली. दुकानांचा तळमजला जवळजवळ खऱ्या मापाचा, पण वरचे मजले मुद्दाम लहान काढलेले. त्यामुळे इमारती आहेत त्याहून उंच वाटतात. नेपथ्यकाराची ही जुनी युक्ती. टोकाच्या राजवाड्याचंही तेच. त्याच्या विटा वर जातील तशा बारीक होत जातात. तरीही तो लहानच आहे, अवघा ७७ फूट. फ्लोरिडात १९७१ साली दुसरं मोठं पार्क झालं, तिथला राजवाडा १८९ फूट उंच आहे.

आणि इथेच भक्तांतला पहिला मोठा पंथभेद सुरू होतो. फ्लोरिडावाल्यांकडे सुमारे पंचवीस हजार एकर, चार पार्क, तळी, जंगलं. ते अ‍ॅनाहाइमच्या राजवाड्याला हसतात. अ‍ॅनाहाइमवाल्यांचं उत्तर एका ओळीचं आहे: आमच्या पार्कात वॉल्ट स्वतः हिंडला. फ्लोरिडाचं काम उभं राहण्याआधीच, १५ डिसेंबर १९६६ रोजी, तो गेला. म्हणजे जगातल्या सगळ्या डिस्ने पार्कांत त्याचे पाय लागलेलं हे एकच. मला हा युक्तिवाद लगेच पटला. देऊळ लहान असेल, पण स्वयंभू आहे.

मुख्य रस्त्याच्या सुरुवातीला अग्निशमन केंद्राची एक लहानशी इमारत आहे. वरच्या मजल्यावर वॉल्टची खोली होती. पार्क बांधताना आणि पुढेही तो तिथे मुक्काम करायचा. तिच्या खिडकीत अजून दिवा असतो. हजारो पर्यटक त्याखालून पॉपकॉर्न खात जातात. भक्त मात्र एक क्षण थांबून वर बघतात. भाचीनेही बघितलं. हात जोडले नाहीत इतकंच.

वॉल्टने इथे पाहुण्यांना स्वतः फिरवलंय, त्यात पंडित नेहरूही होते, नोव्हेंबर १९६१ मध्ये. त्याआधी दोन वर्षं सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह लॉस एंजेलिसला आले, तेव्हा सुरक्षेच्या कारणावरून त्यांना इथे येऊ दिलं नाही आणि ते जाहीरपणे चिडले. शीतयुद्धाच्या इतिहासात याला किती जागा मिळते कोण जाणे, पण आपल्या पंतप्रधानांनी जे बघितलं ते त्यांना बघता आलं नाही, याचा मला उगाचच आनंद झाला.

पहिली राइड ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’. चित्रपट नंतरचा, २००३चा. ही राइड १८ मार्च १९६७ची, वॉल्टच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी उघडलेली. मूळ बेत मेणाच्या पुतळ्यांमधून चालत जाण्याचा होता. पण १९६४-६५च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात डिस्नेच्या लोकांनी पाण्यावरच्या बोटी वापरल्या. बोटींतून तासाला किती माणसं नेता येतात हे दिसलं आणि चाचेही पाण्यावर आले.

बोट अंधारात शिरते. काजवे, दलदल, डावीकडे एक म्हातारा झोपडीपुढे खुर्चीत झुलतोय. मग अचानक बोट खाली घसरते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा घसरते. “दोन उतार! फ्लोरिडात एकच,” भाची कानात ओरडली. मला वाटलं, मजेसाठी असतील. तर नाही. राइडचं मुख्य दालन पार्कच्या हद्दीबाहेर, त्या मातीच्या बांधापलीकडे आहे. आगगाडीच्या रुळांखालून तिथे जायचं तर बोट खाली उतरवणं भाग होतं. जागा अपुरी म्हणून केलेली सोय, आणि पन्नासहून अधिक वर्षांनी तीच अभिमानाची गोष्ट झालीय. इथली फेरी सुमारे पंधरा मिनिटांची, फ्लोरिडाची त्याच्या जवळपास निम्मी. त्यांच्याकडे जागा अमाप, आणि राइड आखूड!

शेजारच्या भुताच्या वाड्यातही हाच प्रकार. आत गेल्यावर एका आठकोनी खोलीत कोंडतात आणि भिंती उंच होऊ लागतात, भिंतींवरच्या तसबिरी लांबत जातात. लोक किंचाळतात. प्रत्यक्षात ती लिफ्ट असते आणि आपण रुळांखालच्या बोगद्याकडे उतरत असतो. फ्लोरिडात बोगद्याची गरज नव्हती, तर तिथे छत वर नेतात. हा वाडा १९६३ मध्ये बाहेरून बांधून झाला आणि सहा वर्षं रिकामा उभा राहिला, १९६९ला उघडला. आतल्या दालनात नाचणारी भुतं पारदर्शक दिसतात ती काचेतली प्रतिबिंबं. एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीवरची ही करामत. मला ती बघताना लहानपणी ट्रिकसीनवर टाळ्या पिटणारी आजी आठवली.

खरं भांडण मला पायरेट्सच्या रांगेत ऐकायला मिळालं. आमच्या पुढे एक गृहस्थ होते, सत्तरीचे, निवृत्त शिक्षक. वडिलांबरोबर १९६७च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ही राइड केली असं ते सांगत होते. भाचीची आणि त्यांची काही ओळख नव्हती. पण पुण्यात बसस्टॉपवर क्रिकेटवरून दोन अनोळखी माणसं जशी जुंपतात, तशी ती दोघं पाच मिनिटांत जुंपली.

विषय लिलावाचा. या राइडमध्ये चाचे गावातल्या बायकांचा लिलाव मांडून बसलेले दाखवले होते आणि त्यात लाल पोशाखातली, लाल केसांची बाई सगळ्यांचं लक्ष वेधून घेणारी. २०१८ मध्ये तो प्रसंग बदलला. आता लुटीच्या मालाचा लिलाव होतो आणि ती लाल केसांची बाई स्वतःच बंदूक घेऊन चाच्यांमध्ये उभी आहे. गृहस्थांचं म्हणणं असं की चाचे हे दुष्टच दाखवायला हवेत, त्यांना सभ्य करून काय मिळवलंत? हे वॉल्टच्या देखरेखीखाली झालेलं शेवटचं मोठं काम, त्याला हात लावू नये. भाचीचं म्हणणं, बायका विकण्यावर आता तिला हसू येत नाही. आणि हात तर कधीचाच लागलाय. १९९७ मध्येच बायकांच्या मागे धावणाऱ्या चाच्यांच्या प्रसंगात बदल झाला, २००६ मध्ये चित्रपटातला जॅक स्पॅरो आणून बसवला, तेव्हा कुठे गेला होता वॉल्ट?

यावर गृहस्थ म्हणाले, “वॉल्टला हे मान्य झालं नसतं.” भाची म्हणाली, “डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, हे वॉल्टनेच सांगितलंय.”

पुढे दिवसभर माझ्या लक्षात आलं की सगळे वाद याच जोडीपाशी येऊन थांबतात. जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर हे पार्क वाढतच राहील, अशा अर्थाचं वॉल्ट नेहमी बोलत असे. बदल हवे असणारे ते वाक्य पुढे करतात. नको असणारे त्याने प्रत्येक पानाफांदीवर ठेवलेली नजर पुढे करतात. एकाच गुरूच्या दोन वचनांवरून दोन फड उभे राहावेत तसं. आणि दोघंही खरं बोलतात. वॉल्ट स्वतः बदलाच्या बाबतीत निष्ठुर होता. पहिल्याच हिवाळ्यात त्याने हौसेने सर्कस आणली आणि लोक येईनात म्हटल्यावर दोन महिन्यांत गुंडाळली.

सगळ्यात कडू वाद ‘स्प्लॅश माउंटन’चा. १९८९ची ही राइड म्हणजे ओंडक्यासारख्या होडीतून उंचावरून पाण्यात कोसळणं. तिची कथा १९४६च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटावरची. गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेतल्या काळ्या माणसांचं गोडगुलाबी चित्र रंगवल्याची टीका या चित्रपटावर पहिल्यापासून झाली आणि अमेरिकेत तो घरी बघण्यासाठी कंपनीने कधी विक्रीलाच आणला नाही. २०२०च्या जूनमध्ये राइड बदलण्याची घोषणा झाली. २०२३च्या मे महिन्याअखेर जुनी बंद झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच डोंगरात ‘टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर’ सुरू झाली. टियाना ही डिस्नेची पहिली काळी राजकन्या, २००९च्या चित्रपटातली, न्यू ऑर्लिन्सची.

भाचीने मला पढवून ठेवलं होतं की या वादात उडी घेताना माणूस कशासाठी चिडलाय ते आधी बघायचं. काहींना टियानाच नको आहे. त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण काही जण टियानाच्या बाजूचे असूनही नाराज आहेत. त्यांची तक्रार अशी की नव्या कथेत खलनायकच नाही. टियाना मेजवानीसाठी वादक गोळा करत हिंडते, मग तो मोठा कडा आपण कोसळतो ते कशासाठी? जुन्या राइडमध्ये ससा कोल्ह्याच्या तावडीत सापडायचा आणि मग कडा यायचा. भीती साठत जायची. हा आक्षेप मला रास्त वाटला. कडा तोच, पाणी तेच, पण कोसळण्याआधी पोटात गोळा यावा असं काही घडत नाही. उलट टियानाची बाहुली इतकी जिवंत हलते की तिच्या मनगटाकडे बघत बसावं. इथेही अ‍ॅनाहाइमवाले फ्लोरिडाला एक टोला मारतातच. आमच्याकडे हा डोंगर न्यू ऑर्लिन्सच्या चौकाला लागून आहे, टियाना घरीच आली. तुमच्याकडे ती काउबॉयच्या गावात काय करतेय?

गंमत पुढेच आहे. ज्या स्प्लॅश माउंटनसाठी लोक हळहळतात, त्यातले बरेचसे गाणारे प्राणी मुळात तिचे नव्हतेच. ते १९७४च्या ‘अमेरिका सिंग्ज’ नावाच्या खेळातले. तो बंद पडल्यावर तिथून उचलून डोंगरात बसवले होते. मागच्याच मूर्ती रंगवून पुन्हा मांडण्याची कला फक्त आमच्या पेठांतच आहे असं नाही.

जेवण आम्ही नदीकाठच्या बाकावर केलं. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वहिनीने धपाटे आणि दह्यातली मिरची दिली होती. वर तिथली मिकीच्या आकाराची, पिठीसाखरेने माखलेली बेन्ये, म्हणजे आपल्या बालुशाहीची पोकळ, हलकी बहीण. खाण्यावरही वाद आहेत. अननसाचं ‘डोल व्हिप’ आइस्क्रीम नुसतं घ्यावं की अननसाच्या रसावर तरंगतं, यावर शेजारच्या बाकावर एक कुटुंब गंभीरपणे बोलत होतं.

रांगेचं राजकारण मात्र आपल्या माणसाला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. १९९९ पासून इथे ‘फास्टपास’ होता. यंत्रातून फुकट चिठ्ठी घ्यायची, त्यावर लिहिलेल्या वेळेला यायचं, रांग चुकवायची. २०२१च्या डिसेंबरपासून या सोयीला पैसे पडू लागले. आता तिचं नाव ‘लायटनिंग लेन’, आणि दर दिवसागणिक बदलतो. दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहणारे आणि पावती फाडून पुढे जाणारे, हे दृश्य आपल्या ओळखीचंच. भक्तांमधल्या जाणत्यांचा आक्षेप नुसता विषमतेचा नाही, हिशेबाचाही आहे. राइडची तासाची क्षमता ठरलेली असते. त्यातल्या जितक्या जागा पुढच्या दाराने जाणाऱ्यांना, तितकी मागची रांग हळू. म्हणजे पैसे न भरणाऱ्याला मिळणारी गोष्टच बदलते, आणि मग पैसे भरावेसे वाटतात. दुसरी बाजू म्हणते, भारतातून आयुष्यात एकदा येणाऱ्या आत्याने सगळा दिवस रांगेत का घालवावा? ही दुसरी बाजू भाचीने माझ्याकडे बघत मांडली. ती स्वतः पहिल्या बाजूची आहे.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिकिटाचा दर दिवसाप्रमाणे बदलतो, स्वस्त दिवशी शंभर डॉलरच्या थोडा वर, गर्दीच्या दिवशी दोनशेच्या पुढे. शाळा चालू असतानाचा मधला वार बघावा. एकट्याने बसायची तयारी असेल तर काही राइडना ‘सिंगल रायडर’ची वेगळी रांग असते, तिथे पैसे न देता लवकर नंबर लागतो. बूट जुने, सवयीचे घाला. ‘स्टार वॉर्स’ची चौदा एकरांची नगरी २०१९ला झालीय. मी चित्रपट बघितलेले नाहीत, त्यामुळे मला ती उत्तम बांधलेली पण अनोळखी लोकांच्या लग्नासारखी वाटली.

संध्याकाळी ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’. माझी पावलं इथे आपोआप हळू झाली. हा तर हलता देखावाच! बोटीतून सावकाश जायचं. दोन्ही बाजूंना देशोदेशीची शेकडो बाहुली-मुलं, माना हलवणारी, गोल फिरणारी, एकच गाणं वेगवेगळ्या भाषांत म्हणणारी. मोटर, दांडा, चाक. न्यूयॉर्कच्या त्या प्रदर्शनासाठी १९६४ मध्ये केलेलं, १९६६ला इथे आलं. रंग मेरी ब्लेअर या चित्रकर्तीचे. चौकोन, त्रिकोण, गुलाबीशेजारी नारिंगी, निळ्यावर हिरवा. कागद कापून चिकटवल्यासारखा साधेपणा, आणि त्यातून उत्सव उभा करायचा. भारत येतो तो अर्थातच ताजमहाल घेऊन. त्याला इलाज नाही.

२००९ मध्ये यात डिस्नेच्या चित्रपटांतली पात्रं बसवली. तेव्हा भक्तांनी खूप विरोध केला, मेरी ब्लेअरच्या कुटुंबीयांनीही नापसंती जाहीर केली. भाचीला ती पात्रं आवडतात. लहानपणी ती शोधण्याचाच तिचा खेळ असायचा. तिचं स्मॉल वर्ल्ड तेच. मी पहिल्यांदाच बघत होते, मला काय फरक पडावा? पण सगळी मुलं निनावी आणि मध्येच एक नाव असलेलं, तिकीटबारीवर ओळखीचं झालेलं बाहुलं दिसलं की नजर तिथेच अडकते आणि शेजारची बिचारी अनोळखी बाहुली बघायची राहते. मंडपात मधोमध प्रायोजकाची पाटी यावी तसं.

आतषबाजी संपल्यावर परतीच्या गर्दीत आम्ही अग्निशमन केंद्राखालून बाहेर पडलो. दिवा चालू होता. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “ती पात्रं काढायला हवीत.”

“कुठली?”

“स्मॉल वर्ल्डमधली. देखाव्याचा तोल जातो.”

भाचीने आरशातून माझ्याकडे बघितलं. “आत्या, तू एकदाच बघितलंयस.”

“एकदा पुरतं. मी सदाशिव पेठेतली आहे.”

मग ती २००९ पासून सुरू झाली. अर्व्हाइनचा फाटा आला तेव्हा आम्ही नुकत्या मेरी ब्लेअरच्या रंगांपाशी पोचलो होतो, आणि घरी दादाने दार उघडलं तेव्हा त्याला आम्ही दोघींनी एकदमच विचारलं, “तू सांग, कुणाचं बरोबर?”